गिअर नसलेल्या स्कूटरला आरपीएम मीटर: जोडणी, सेटिंग आणि रस्त्यावरचा उपयोग

स्कूटरवर आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारं मीटर, बसवलेलं दिसलं की इंदूरच्या रामबागेतल्या कुठल्याही ओट्यावरून एकच प्रश्न येतो: "अरे, गिअरच नाहीत गाडीला, मग हा काटा बघून तू बदलणार काय?" प्रश्न रास्त आहे. मोटारसायकलला हे मीटर लावतात ते गिअर कधी टाकायचा हे कळावं म्हणून. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेस या गाड्यांत ते काम व्हेरिएटर, म्हणजे पुली आणि बेल्टची जोडी, स्वतःच करतो. पण नेमकं म्हणूनच तिथे मीटर जास्त उपयोगी पडतं. पुढच्या पुलीतले रोलर, बेल्ट आणि मागचा क्लच हे तिघे बंद डब्यात बसून इंजिन किती फिरू द्यायचं ते ठरवत असतात, आणि डबा न उघडता त्यांची तब्येत सांगणारी गोष्ट एकच: किती वेगाला किती फेरे.

तसं पाहिलं तर बिनगिअरची स्कूटर इंदूरला नवी नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ मध्ये होंडाशी हातमिळवणी केली आणि कायनेटिक होंडाचा कारखाना आपल्या शेजारी पीथमपूरला उभा राहिला. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सेल्फ स्टार्ट आणि व्हेरिएटर. त्या गाडीचा बेल्ट गेला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाला कानाने कळायचं. आरपीएम मीटर तेच काम आकड्यात करतं, आणि कानाला कळण्याच्या बऱ्याच आधी.

काम अवघड नाही. घरी एका सुटीच्या दिवसात होतं. चुकतं ते दोन ठिकाणी: ठिणगीचं सेटिंग आणि करंट कुठून घ्यायचा ते. या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

मीटर कोणतं घ्यावं

बाजारात साधारण दोन जातींची मीटरं मिळतात. पहिली जात म्हणजे काळी, काडेपेटीएवढी डिजिटल डबी. आत स्वतःचा बटण सेल, बाहेर एकच लांब वायर. ती वायर स्पार्क प्लगच्या जाड वायरीवर गुंडाळायची, झालं. गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही. बहुतेक डब्यांत इंजिन एकूण किती तास चाललं तेही साठतं. आकडा थोडा उशिरा बदलतो आणि रात्री दिसत नाही, एवढाच उणेपणा.

दुसरी जात म्हणजे काट्याचं गोल मीटर, दोन-अडीच इंच व्यासाचं, १३००० पर्यंत आकडे छापलेलं. आपल्या ११० सीसीच्या गाड्या त्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे अर्धी तबकडी शोभेपुरती. याला १२ व्होल्ट लागतात, अर्थ (निगेटिव्ह जोडणी) लागतो, सिग्नलची वायर लागते आणि आतल्या दिव्याचा करंट लागतो. दिसतं झकास. काट्याची हालचाल डोळ्याच्या कोपऱ्यातून कळते, रस्त्यावरून नजर काढावी लागत नाही, आणि हा फायदा मी मोठा मानतो.

माझं मत विचाराल तर बीएस-६ गाडीला, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीला, पहिली जात घ्या. दुसरी घ्यायचीच असेल तर तिचा सिग्नल प्लगच्या वायरीवरून, गुंडाळून घेता येतो का ते आधी विचारा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला दोन्ही चालतात. आणि घरात जुनी चेतक असेल, बिनबॅटरीची, तर पहिल्या जातीशिवाय पर्याय नाही. तिच्यात दिव्यांना मिळतो तो इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटचा एसी करंट, त्यावर काट्याचं मीटर चालणार नाही.

विकत घेण्याआधी घरून एक सुतळी मापून न्या. हँडलपासून खाली, पुढच्या पत्र्याच्या आतून, पाय ठेवायच्या जागेखालून, सीटखाली ठिणगीचा करंट देणाऱ्या इग्निशन कॉइलपर्यंत. दीड-दोन मीटर सहज भरतं. मोटारसायकलसाठी बनवलेल्या मीटरची वायर पुष्कळदा एवढी नसते, आणि मग जोड द्यावा लागतो. वायर, हीट श्रिंक नळी, फ्यूजची डबी असल्या वस्तू महारानी रोडला एका फेरीत मिळतात. क्लॅम्प, रबरी वॉशर, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी यांसाठी सियागंज.

ठिणगी मोजणं म्हणजे काय

मीटर इंजिनाचे फेरे थेट मोजत नाही. ते ठिणग्या मोजतं आणि त्यावरून फेऱ्यांचा हिशेब करतं. एका फेऱ्याला किती ठिणग्या हे आपण त्याला सांगायचं असतं, आणि इथेच घोळ होतो.

पुस्तकी ज्ञान सांगतं की फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे दोन फेऱ्यांना एक ठिणगी. दुकानदारही काउंटरवरून तेच सांगतो: "फोर स्ट्रोक है ना भैया, फोर स्ट्रोक पे सेट कर लेना।" प्रत्यक्षात आपल्या बहुतेक कार्ब्युरेटरच्या स्कूटर्समध्ये ठिणगी दर फेऱ्याला पडते. कारण सोपं आहे. ठिणगीची वेळ सांगणारा पल्सर (एक छोटा सेन्सर) मॅग्नेटवरचा उंचवटा बघतो, आणि मॅग्नेट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, टोकाला बसलेला असतो. क्रँकचा एक फेरा, उंचवट्याचं एक दर्शन, एक ठिणगी. पिस्टन दाब देऊन वर आलाय की जळका धूर बाहेर ढकलून वर आलाय, हे पल्सरला कळत नाही. त्यामुळे एक ठिणगी कामी येते आणि दुसरी धुरात वाया जाते. इंजिनाला त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून अशा गाडीवर मीटर 'एक सिलिंडर, टू-स्ट्रोक' किंवा 'एका फेऱ्याला एक पल्स' या सेटिंगवर ठेवायचं, गाडी फोर-स्ट्रोक असली तरी. 'फोर-स्ट्रोक'वर ठेवलं तर आकडा दुप्पट येईल. कायनेटिक होंडा किंवा चेतकसारख्या खऱ्या टू-स्ट्रोक गाडीचं सेटिंगही हेच.

एफआय गाड्यांत मात्र आधी काही गृहीत धरू नका. काही इंजिनांत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, सुरुवातीला दर फेऱ्याला ठिणगी टाकतो आणि पिस्टन कोणत्या स्ट्रोकवर आहे ते ओळखलं की एकाआड एक फेऱ्याला टाकू लागतो. त्यात मीटर सुरू होताना एक आकडा दाखवतं आणि लगेच निम्म्यावर येतं. बघणाऱ्याला वाटतं मीटर बिघडलं. सेटिंग गाडी स्थिरावल्यानंतरच्या आकड्यावरून ठरवायचं. ते कसं, ते पुढे येतंच.

हत्यारं

८ आणि १० नंबरचा टी-पाना, स्टार पेचकस, पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक, इन्सुलेशन टेप, केबल टाय, १ अँपिअरचा काचेचा फ्यूज डबीसकट. मल्टिमीटर साधा चालेल, पण त्याच्याशिवाय कामाला हात घालू नका. रंग बघून वायर जोडणं हा या कामातला सगळ्यात महागडा आत्मविश्वास आहे.

मीटर बसवण्याची जागा

स्कूटरचं हँडल प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेलं असतं, त्यामुळे मोटारसायकलचा गोल क्लॅम्प इथे बसत नाही. सोयीची जागा म्हणजे आरशाचा दांडा. आरसा सैल करून त्याच्या नटाखाली पट्टीचं भोक अडकवायचं आणि परत कसायचं. भोक ८ मिलिमीटरचं लागेल की १० चं, हे आरशाच्या आट्यांवर अवलंबून आहे. मोजून मगच पट्टी कापा. एक लक्षात घ्या: पुष्कळ गाड्यांत एका बाजूच्या आरशाचे आटे उलटे असतात. नट फिरत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा.

पट्टी आणि मीटर यांच्यामध्ये रबरी वॉशर हवाच. आयडलला, म्हणजे रेस न देता चालू असताना, ११० सीसीचं इंजिन हँडलपर्यंत थरथर पाठवतं आणि काट्याच्या मीटरचा नाजूक भाग त्या थरथरीने आधी जातो. मीटर स्पीडोमीटर, इंडिकेटरचा दिवा किंवा इंजिन चेकचा पिवळा दिवा यांच्या आड येता कामा नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मीटर किंवा पट्टी कशाला घासत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

डिजिटल डबी असेल तर स्पीडोमीटरशेजारी सपाट जागा शोधून दुहेरी चिकटपट्टीने लावा. आधी तो भाग स्पिरिटने पुसा. आपल्याकडे उन्हाळ्यात उन्हात उभी केलेली गाडी अशी तापते की साधा गोंद दोन दुपारींत सोडतो.

सिग्नलची वायर

इंजिन पूर्ण गार असताना हे काम करा. गाडी मेन स्टँडवर, किल्ली काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली. सीटखालचं झाकण काढलं की प्लगकडे जाणारी जाड काळी वायर दिसते. तिचं एक टोक प्लगच्या कॅपमध्ये, दुसरं इग्निशन कॉइलमध्ये.

वायर गुंडाळायची कुठे? सगळे प्लगच्या बाजूला गुंडाळतात, कारण तो भाग हाताला लागतो. मी म्हणेन कॉइलच्या बाजूला गुंडाळा. स्कूटरचं इंजिन चेसीला घट्ट बसवलेलं नसतं. ते मागच्या चाकाबरोबर खालीवर झुलतं. कॉइल मात्र चेसीवर असते. म्हणजे प्लगची वायर प्रत्येक खड्ड्याला हलते आणि तिच्या कॉइलकडच्या टोकाची हालचाल सगळ्यात कमी. शिवाय प्लगजवळ उष्णता असते, तिथे टेपचा गोंद वितळून काळा चिकट लगदा होतो.

तीन ते पाच वेढे पुरतात. वेढे एकमेकांना लागून, घट्ट, पण जाड वायरीचं रबर दबेल इतके नाही. टोक उघडं ठेवू नका, टेपखाली जाऊ द्या. वर टेपचे दोन थर आणि दोन्ही बाजूंना केबल टाय. इथे कुठेही वायर सोलायची नाही, टोचायची नाही. त्या जाड वायरीत हजारो व्होल्ट असतात. वेढ्याला केवळ त्यांच्या प्रभावाने सिग्नल मिळतो. इंजिन चालू असताना या भागाला हात लावला तर बसणारा झटका विसरता येत नाही.

काट्याच्या काही मीटरची सिग्नल वायर कॉइलच्या प्रायमरीला, म्हणजे कॉइलमध्ये करंट शिरतो त्या बाजूला, जोडायला सांगितलेली असते. कार्ब्युरेटरच्या होंडामध्ये ती काळ्यावर पिवळ्या पट्टीची वायर, सीडीआयकडून (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीकडून) कॉइलकडे जाणारी. तिच्यातसुद्धा १२ व्होल्ट नसतात. सीडीआय तिथे शंभराहून जास्त, कधी दोन-तीनशे व्होल्टचा झटका सोडतो. मीटरच्या कागदावर सीडीआयचा उल्लेख स्पष्ट असेल तरच जोडा, नाहीतर मीटर पहिल्याच किकला जाईल. आणि एफआय गाडीच्या पल्सरच्या वायरीला तर कुठल्याच मीटरसाठी हात लावू नका. तो सिग्नल ईसीयूचा डोळा आहे. त्यावर दुसरं काही लटकवलं की इंजिन अधूनमधून झटके देतं, पिवळा दिवा लागतो आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न वायरिंग कोणी कापलं हाच विचारतात.

आता वायर पुढे न्यायची. चेसीच्या नळीला धरून, पण गाडीचा मुख्य वायरिंगचा जुडगा ज्या बाजूने गेलाय त्याच्या विरुद्ध बाजूने. जुडग्याला चिकटून नेली तर हॉर्न आणि इंडिकेटरचे झटके मीटरमध्ये दिसू लागतात. सायलेन्सरपासून लांब. वायर उरली तर तिचं भेंडोळं करून कोंबू नका, कापून टाका, कारण भेंडोळं नको ते सिग्नल गोळा करतं. दोन ठिकाणी ढील मात्र ठेवायलाच हवी: हँडल वळतं तिथे, आणि इंजिनाच्या बाजूला काही जात असेल तर झुल्यापाशी. हँडल टोकापासून टोकापर्यंत वळवा, सीटवर कोणालातरी बसवून गाडी दाबा, आणि वायर ताणली जातेय का ते बघा.

करंट कुठून घ्यायचा

डिजिटल डबीवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. काट्याच्या मीटरला मात्र किल्ली लावल्यावरच येणारा करंट हवा. बॅटरीला थेट जोडलं तर मीटर आणि त्याचा दिवा रात्रंदिवस खात राहतो. समजा तो फक्त ३० मिलिअँपिअर ओढतो. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. स्कूटरची बॅटरी असते ३ ते ४ अँपिअर-तासांची. दिवाळीला चार-पाच दिवस पुण्याला जाऊन आलात की सेल्फ मेलेला मिळेल.

किल्लीवरचा करंट हाताशी मिळण्याची उत्तम जागा म्हणजे ब्रेक लिव्हरखालचा छोटा स्विच, जो मागचा लाल दिवा लावतो. हँडलचं कव्हर उघडलं की तो दिसतो. त्याला दोन वायरी असतात. बॅटरी परत जोडा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि किल्ली लावून लाल प्रोब एकेका वायरीवर टेका. एकीवर ब्रेक न दाबताही १२ च्या आसपास येईल. दुसरीवर ब्रेक दाबल्यावरच. आपल्याला पहिली हवी. किल्ली बंद करून तिच्यावर शून्य येतंय याची खात्री करा, मग बॅटरीची निगेटिव्ह पुन्हा सोडवा आणि जोडणीला लागा.

रंगांचा सापळा इथे आहे. बाजारातल्या मीटरांत लाल म्हणजे प्लस आणि काळा म्हणजे अर्थ. होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवा असतो अर्थ, आणि काळा म्हणजे किल्लीवरचा १२ व्होल्ट! काळ्याला काळा जोडणारा माणूस मीटरचा अर्थ थेट प्लसला लावतो. सुझुकीत सहसा काळ्यावर पांढरी पट्टी म्हणजे अर्थ आणि नारिंगी म्हणजे किल्लीवरचा करंट. तीच काळी-पांढरी जोडी जुन्या होंडात इंजिन बंद करण्याची वायर असते. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवरून रंग पाठ करून येऊ नका. मल्टिमीटर जे सांगेल ते खरं.

जोड देताना निळ्या प्लास्टिकच्या दाबून बसवायच्या क्लिपा टाळा. त्या आतल्या बारीक तारा कापतात आणि पहिल्या पावसाळ्यात हिरव्या पडतात. मूळ वायर न कापता तिचं फक्त वरचं प्लास्टिक अर्धा सेंटिमीटर बाजूला करायचं, नवी वायर गुंडाळून सोल्डर करायची आणि टेपने बंद करायचं. नव्या वायरीच्या सुरुवातीलाच १ अँपिअरचा फ्यूज. मीटरच्या आत काही शॉर्ट झालं तर फ्यूज जाईल, गाडी चालत राहील. वॉरंटीतल्या गाडीचं वायरिंग सोलायचं नसेल तर स्विचच्या टोकांत बसणारं दुहेरी कनेक्टर मिळतं, ते लावा.

अर्थसाठी रंगवलेल्या पत्र्यावरचा स्क्रू चालत नाही; रंग करंट अडवतो. चेसीचा बोल्ट घ्या, खालचा रंग खरवडा, किंवा सरळ गाडीच्याच अर्थ वायरीला जोडा.

राहिला मीटरचा दिवा. जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट मॅग्नेटच्या एसी करंटवर चालतो, बॅटरीवर नाही. मीटरच्या दिव्याची वायर त्याला जोडली की दिवा आयडलला लुकलुकतो आणि रेस दिल्यावर जास्त व्होल्टेज खाऊन जातो. त्यापेक्षा दिव्याची वायर त्याच किल्लीवरच्या लाइनला लावा. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचे हेडलाइट असेही इंजिनबरोबर कायम चालूच असतात, त्यामुळे मीटरचा दिवा दिवसा चालू राहिला म्हणून काही बिघडत नाही.

पहिला स्टार्ट आणि सेटिंगची परीक्षा

सगळी झाकणं बसवण्याआधी चालू करून बघा. गाडी मेन स्टँडवर, उघड्यावर, मागचा ब्रेक धरून. इंजिन दहा मिनिटं गरम होऊ द्या; गार इंजिनाचं आयडल चढलेलंच असतं.

बहुतेक ११० सीसी स्कूटर्सचं गरम आयडल १५०० ते १८०० च्या दरम्यान असतं. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. मीटर १७०० च्या आसपास दाखवत असेल तर सेटिंग बरोबर. ३४०० दाखवत असेल तर? खरोखर इंजिन ३४०० वर असतं तर क्लच पकडू लागला असता आणि मागचं चाक ब्रेकशी झगडलं असतं. चाक शांत आहे, म्हणजे आकडा दुप्पट आहे. ८५० दाखवत असेल तर निम्मा आहे, कारण एवढ्या लहान इंजिनाने त्या वेगाला केव्हाच मान टाकली असती. बटण दाबून सेटिंग बदला.

ज्याला पक्की खात्री हवी त्याच्यासाठी एक परीक्षा आहे, आणि ती फुकट आहे. फोन सायलेन्सरच्या तोंडापासून दोन हातांवर, वाऱ्याच्या झोतात न येईल असा धरा आणि आयडलचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. आवाजाची लहर दाखवणारं कुठलंही अ‍ॅप उघडा आणि पाच सेकंदांचा तुकडा पसरून मोठा करा. एकसारखे उंचवटे दिसतील. प्रत्येक उंचवटा म्हणजे सायलेन्सरमधून बाहेर पडलेला एक फटका. फोर-स्ट्रोक गाडीत दोन फेऱ्यांना एक फटका असतो, ठिणग्या कितीही पडोत. म्हणून पाच सेकंदांतले उंचवटे मोजून २४ ने गुणायचे. ७१ भरले तर १७०४ फेरे. टू-स्ट्रोक असेल तर १२ ने गुणा. एका सेकंदाचाच तुकडा घेऊ नका. तिथे एक फटका कमीजास्त धरला की उत्तर १२० ने हलतं. पाच सेकंदांत तीच चूक २४ फेऱ्यांची होते.

कार्ब्युरेटरच्या गाडीचं आयडल चुकलेलं दिसलं तर आता आयडलचा स्क्रू मीटर बघून फिरवता येतो. मिस्त्री तो कानाने लावतात आणि बहुधा थोडा चढाच ठेवतात, गाडी सिग्नलला बंद पडल्याची तक्रार येऊ नये म्हणून. एफआय गाडीत आयडल ईसीयू ठरवतो, तिथे स्क्रू शोधत बसू नका.

आकडा नाचत असेल तर

आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर आकडा खाली पडतो, तर सिग्नल कमजोर आहे. एखादा वेढा वाढवा किंवा असलेले घट्ट करा. आयडललाच आकडा वेडावाकडा उडतो, तर सिग्नल जास्त आहे किंवा वायर नको तिथून गेली आहे. वेढा कमी करा, रस्ता बदला. तरीही उडत असेल तर प्लग बघा. प्लगच्या नंबरात आर हे अक्षर नसेल तर आत ठिणगीचा गोंगाट दाबणारा रेझिस्टर नाही. कोणीतरी स्वस्तातला साधा प्लग लावला असेल आणि कॅपही बदललेली असेल, तर ठिणगीचा गोंगाट रेडिओसारखा सगळीकडे पसरतो. कंपनीने सांगितलेलाच प्लग आणि कॅप लावा. बऱ्याचदा आजार तिथेच संपतो.

काच आतून धुरकट होत असेल तर पावसाआधी मीटरच्या मागच्या वायरीच्या तोंडाशी सिलिकॉन भरा. वायर मीटरमध्ये खालून वर शिरू द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून खालीच टपकेल. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी हँडलकडे वळली की पोऱ्याला आधीच सांगा, कारण मीटरवर पावसापेक्षा मोठा अत्याचार तोच आहे.

आता मीटर वाचायचं कसं

सकाळी लवकर, सुपर कॉरिडॉर मोकळा असताना एक फेरी मारा. मागे कोणीतरी बसवा. आकडे त्याने टिपायचे, तुम्ही रस्त्याकडे बघायचं. वेग फोनच्या जीपीएसवरून घ्या, स्पीडोमीटर सहसा थोडा फुगवून सांगतो.

तीन गोष्टी टिपायच्या. पहिली, उभ्या गाडीला हळूहळू रेस देताना गाडी कोणत्या आकड्याला सरकायला लागते. हा क्लच पकडण्याचा आकडा. दुसरी, पूर्ण रेस दिल्यावर काटा कुठे जाऊन थांबतो. व्हेरिएटर नीट असेल तर काटा एका जागी टिकतो आणि वेग वाढत राहतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे फार गमतीचं वाटतं. कंपनीने कमाल ताकद कुठे सांगितली आहे ते यासोबत ठेवून बघा: अ‍ॅक्टिव्हा ६जी साठी तो आकडा ८००० आहे, २०२० च्या बीएस-६ अ‍ॅक्सेस १२५ साठी ६७५० होता. काटा तिथपर्यंत जायलाच हवा असं नाही, पण दोन गाड्यांचा स्वभाव वेगळा का हे यातून कळतं. तिसरी गोष्ट, सपाट रस्त्यावर स्थिर ६० च्या वेगाला किती फेरे.

या तिसऱ्या आकड्यातून बेल्टचा हिशेब निघतो. मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर बसून एक फेरा पुढे ढकला आणि अंतर मोजा. ९०/१००-१० मापाच्या टायरला ते १.३६ मीटरच्या आसपास भरेल. ६० चा वेग म्हणजे मिनिटाला १००० मीटर. १००० भागिले १.३६, चाकाचे ७३५ फेरे. मीटर ५९०० दाखवत असेल तर इंजिनाचे आठ फेरे आणि चाकाचा एक. हे प्रमाण डायरीत लिहून ठेवा, तारीख आणि किलोमीटरसह. पुढे कधी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ६५०० दिसले तर प्रमाण ८.८ च्या पुढे गेलं. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो पुढच्या पुलीत पूर्वीइतका वर चढत नाही आणि इंजिनाला जास्त फिरावं लागतं. रोलर झिजून हलके झाले तरी लक्षण हेच. दोन्ही एकाच झाकणाआड असतात, त्यामुळे एकदा झाकण उघडून दोन्ही बघायचे: बेल्टची रुंदी कॅलिपरने मोजून पुस्तिकेतल्या किमान मापाशी ताडायची आणि रोलर सपाट झालेत का ते बोटावर फिरवून बघायचं.

क्लचची परीक्षा चढावर होते. खंडवा रोडचा भेरूघाट ट्रकांमुळे या कामाला अजिबात नको. बिजासन टेकडीचा चढ पुरतो. डबलसीट, अर्ध्या चढावर गाडी जवळजवळ थांबवा आणि पुन्हा रेस द्या. काटा चढतो आणि गाडीही चढते, तर ठीक. काटा आधी उडी मारतो आणि गाडी मागून रेंगाळत येते, वर जळका वास येतो, तर क्लचचे शू घासले आहेत किंवा गुळगुळीत झाले आहेत. मिस्त्रीकडे जाताना नुसतं "पिकअप नाही" म्हणू नका. पूर्वी गाडी २८०० ला सरकायची, आता ३५०० ला सरकते, असं सांगा. मग तो प्लग आणि एअर फिल्टरपासून सुरुवात न करता थेट डाव्या बाजूचं झाकण उघडतो, आणि तेवढ्या मजुरीत मीटरचे निम्मे पैसे वसूल होतात.